मोरी घेताना तिची बेंबी बघा

चवथ झाली, गणपती पोचवले, आणि श्रावणापासून घरात नुस्तं, म्हणजे मासळी, शिजलं नव्हतं त्यामुळे गेल्या रविवारी पहाटे उठून मी सरळ गोव्यातली मालीम जेटी गाठली. पर्वरीहून उतारावर दहा मिनिटं लागतात. ट्रॉलरची बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे होड्या ऑगस्टपासूनच जातायत, पण आमच्यासारख्या घरांत नुस्त्याची खरी सुरुवात चवथीनंतरच होते, म्हणून जेटीवर पाय ठेवायला जागा नव्हती, क्रेटवर क्रेट चढवलेले, बर्फाचं पाणी चपलांवरून वाहतंय, कोण बांगड्याचा भाव ओरडतोय कोण सुंगटांचा (कोळंबीचा). माझी नेहमीची मावशी तिच्या कोपऱ्यात बसलेली. पुढ्यात निळा क्रेट, त्यात वीसेक मोऱ्या, सगळ्या हातभर लांब, सगळ्या राखाडी, एकमेकींवर रचलेल्या.

"खंयची गो मावशे ही मोरी?"

"मोरी ती मोरी गो बाय, तिका आनीक कसलें नांव?"

(मुंबई-रत्नागिरीकडच्यांसाठी सांगते, तुम्ही जिला मुशी म्हणता तीच आमची मोरी. लहान शार्क.)

मी तिथेच उकिडवी बसले आणि एकेक उचलून बघायला लागले. मावशीला माझी सवय आहे, ती दुसऱ्या गिऱ्हाइकांकडे वळली. त्या एका क्रेटमध्ये तीन वेगवेगळ्या जाती होत्या. बहुतेक सगळ्या पूर्ण वाढलेल्या माद्या-नर, चारेक दुसऱ्या जातीच्या, आणि तळाशी दोन अशी की ती जेमतेम जन्मलेली बाळं होती, पोटावर बेंबीची जखमसुद्धा बुजली नव्हती. लांबी तिघींची सारखीच आणि भाव तर एकच. गेले चार दिवस ती दोन बाळं डोक्यातून जात नाहीयेत म्हणून आज सगळं लिहून काढतेय, मोरी ओळखायची कशी ते, मला जेवढं येतं तेवढं.

आधी हे सांगते की मी झूलॉजीवाली आहे, इथेच गोव्यात बीएस्सी केलं, आणि आमच्या वेळी प्रॅक्टिकलला कापायला स्कोलिओडॉन असायचा, मोरीचीच एक जात. फॉर्मेलिनच्या वासाने डोळे चुरचुरायचे आणि त्यातच डोक्याच्या नसा एकेक करून मोकळ्या करायच्या, पाचवी, सातवी, दहावी. भारतभर कित्येक पिढ्यांनी हाच मासा कापलाय. १९२८ साली ई. एम. थिल्लयम्पलम या बाईंनी या एकट्या माशावर अख्खं पुस्तक लिहिलं, ते लखनौला बसून, समुद्रापासून एवढ्या लांब, मला त्या बाईंचं फार कौतुक वाटतं. पण माझं सांगायचं तर परीक्षेत नसा बरोबर दाखवल्या, मार्क पडले, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं बाजारात तोच मासा समोर ठेवला तर मला ओळखता येत नव्हता! आतून पाठ होता, बाहेरून नाही. ते पुढे जेटीवर आणि स्वयंपाकघरात शिकले, हाताने.

हाताने म्हणजे अगदी हाताने, कारण मोरीची पहिली ओळख कातडीची. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवा, ओल्या साटिनसारखं लागतं. उलटा फिरवा, सुताराचा पॉलिश पेपर. बांगड्याला तारलीला खवले असतात तसे हिला नसतात, हिच्या कातडीत लाखो बारीक दात रोवलेले असतात. दात हा शब्द मी उगाच वापरत नाहीये, आत पोकळी, त्याभोवती डेन्टिन, वरून इनॅमलसारखा कडक थर, म्हणजे तुमच्या-माझ्या दाताची जी रचना तीच, फक्त वाळूच्या कणाएवढी, आणि सगळ्यांची टोकं शेपटीच्या दिशेला. साध्या माशाचा खवला माशाबरोबर वाढत जातो. शार्कचे हे कण वाढत नाहीत, मासा वाढला की मधल्या जागेत नवीन उगवतात. भिंगातून बघितलं तर प्रत्येक कणावर नांगरल्यासारख्या बारीक उभ्या रेघा दिसतात, पाण्याचा विरोध कमी होतो तो त्यांच्यामुळे.

आमच्या घरी हे भिंगाशिवायच कळायचं. आजी मोरजीची, पेडण्याची, ती मोरीवर कढत पाणी ओतायची आणि मग नारळाच्या सोडणाने खसाखसा घासायची, की ती खर निघून यायची आणि परातीच्या तळाशी करडी रेती साचायची. मला लहानपणी वाटायचं की ही समुद्राची रेती, माशाला चिकटलेली. ती रेती म्हणजे ते दात होते. आजही मी मोरी साफ केली की परातीचं पाणी हळूच ओतून तळाचा गाळ बोटांत चोळून बघते. स्कोलिओडॉनचा गाळ मऊसर, तांदळाच्या पिठीला अगदी बारीक रवा लागावा तसा. बांबू शार्क म्हणून एक तळाशी सरपटणारी जात येते, नाकापाशी दोन आखूड मिशा असलेली, तिची कातडी मात्र जाड आणि राठ, ती घासताना माझ्या मनगटावर ओरखडे उठले होते आणि दोन दिवस आग होत होती. त्यामुळे हातमोजे घाला, किंवा निदान उलटा हात फिरवू नका.

रंगावर मात्र अजिबात जाऊ नका. पाण्यात असताना कुठली पितळेसारखी चमकते, कुठली निळसर असते, पण दोन-तीन दिवस बर्फात राहून आली की सगळ्या एकच राखाडी. रंगातलं टिकतं ते पंखांच्या टोकांवरचं काळं. आणि अजून एक गोष्ट कातडीतच सापडते जी डोळ्यांना दिसत नाही पण बोटाला लागते, ती म्हणजे पाठीची कड. मोरीच्या पाठीवर दोन पंख असतात, पुढचा मोठा आणि शेपटीजवळचा छोटा. त्या दोघांच्या मधे पाठीच्या बरोबर मध्यावरून बोट आडवं फिरवायचं. काही जातींत तिथे बारीक उभी कड लागते, कातडीच्या आत दोरी शिवून टाकल्यासारखी, काहींत नुसतं सपाट. स्पॉटटेल शार्कला ही दोरी असते. ब्लॅकटिपला नसते, बुल शार्कला नसते. एवढ्या एका खुणेने अर्धी भांडणं मिटतात.

आता त्या क्रेटमधल्या बहुसंख्य होत्या त्या स्कोलिओडॉन लॅटिकॉडस, इंग्रजीत स्पेडनोज. नाक बघा, वरून दाबून चपटं केलेल्या उलथन्यासारखं, पुढे पातळ होत गेलेलं. पाठीचा मोठा पंख जरा जास्तच मागे, त्याचं मागचं टोक पोटाखालच्या पंखांच्या वर येतं. ही जात फार मोठी होतच नाही, पाऊण मीटरच्या आत संपली, आणि एक फुटाच्या पुढे गेली की वयात आलेली. म्हणजे हातभर स्कोलिओडॉन ही बाईमाणूस आहे, पोर नाही. दुसरी मिल्क शार्क, तिची खूण तोंडाच्या कोपऱ्यात. वरच्या ओठाच्या कडेला लांब चुणी असते, खिशाच्या शिवणीसारखी, बोटाने उलगडता येते. स्कोलिओडॉनला तिथे अगदीच आखूड.

तोंडापाशी आलोच आहोत तर दात. चमच्याच्या दांड्याने ओठ वर करायचा, बोटाने नाही, मेलेली मोरीसुद्धा कापते, आणि अशी जखम चिघळू शकते. दिसतात त्या पुढच्या ओळीच्या मागे अजून ओळी आडव्या पडून असतात, गुंडाळून ठेवलेल्या, आणि पुढचा दात पडला की मागचा उभा राहत पुढे सरकतो, आयुष्यभर. दाताला बूड असतं पण ते जबड्यात रुतलेलं नसतं, वरच्या चिवट पडद्यात असतं, म्हणून शिजवलेल्या डोक्यातले दात अंगठ्याने सुटे होतात. वरच्या थरात फ्लोराइड असतं, आपण टूथपेस्टमधून जे घेतो ते यांना जन्मजात मिळालेलं. सांगाडा सगळा कूर्चेचा, हाड एकही नाही, त्यामुळे शार्क मेला की मागे टिकतात ते बहुतेक दातच. युरोपात लोक दगडात सापडणाऱ्या अशा दातांना सापाच्या दगड झालेल्या जिभा समजायचे, १६६६ मध्ये इटलीत लिव्होर्नोजवळ पकडलेल्या एका शार्कचं डोकं स्टेनो नावाच्या माणसाने फाडून बघितलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की जिभा कसल्या, हे तर दात. म्हणजे त्यानेसुद्धा तेच केलं, तोंड उघडून बघितलं.

स्कोलिओडॉनचे दात लहान, धार गुळगुळीत, सगळे कोपऱ्याकडे झुकलेले, वाऱ्याने एका बाजूला कललेल्या भातासारखे. मिल्क शार्कचेही झुकलेलेच, पण मोठ्या माशात कडेवरून नख ओढलं तर बारीक करवत लागते. ब्लॅकटिपचा वरचा दात मात्र ताठ उभा, अरुंद टोकाचा, दोन्ही बाजूंना करवत. स्पॉटटेलचा तिरका, आणि बाहेरच्या बाजूला बुडाशी जाड पायऱ्या कापल्यासारख्या. बुल शार्कचा वरचा दात रुंद त्रिकोण, दणकट, खालचा निमुळता. बुल शार्कसारख्या जातींत वरचे आणि खालचे दात वेगळे का, तर खालचे माशाला रोवून धरतात आणि वरचे कापतात, मासा तोंडात धरून डोकं जोरात हलवलं की काम झालं. आपण विळी पायाखाली दाबून दोन हातांनी नुस्तं चिरतो, त्यातही एक धरणारं आणि एक कापणारं लागतंच ना, तसंच.

आणि टायगर शार्क. आजोबांच्या सुपारीच्या डब्यात एक दात होता, रांपणीत (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यात) कधीतरी मिळालेल्या मोठ्या मोरीचा, तो आता माझ्याकडे आहे. अंगठ्याच्या पेराहून मोठा, कोंबड्याच्या तुऱ्यासारखा एका बाजूला वळलेला, मागच्या बाजूला खोल खाच. वरच्या जबड्यातला की खालचा हे सांगता येत नाही कारण हिचे दोन्हीकडचे सारखेच असतात. भिंगाखाली धरला तर करवतीच्या प्रत्येक दात्यावर आणखी बारीक दाते आहेत. अशा दाताने ती कासवाची पाठ कापते. लहानपणी मी तो दात पेन्सिलीला टोक काढायला वापरायचे, आजी ओरडायची.

दात कळले की काय खात असेल ते निम्मं कळतं, उरलेलं पोटात. मला माहितीये की पोटं फाडून बघायचं म्हटलं की खूप जणांना कसंतरी होतं, पण आतडी काढायचीच आहेत तर दोन मिनिटं थांबून बघायला काय जातं. बरीच पोटं रिकामी असतात, जाळ्यात ओढताना मासा ओकून टाकतो. पण जेव्हा सापडतं तेव्हा फार सुंदर सापडतं. स्कोलिओडॉनच्या पोटात मला गालम्याएवढी, म्हणजे अगदी बारीक, सुंगटं मिळालीयेत, छोटी मांदेली, एकदा माणकीची (स्क्विडची) चोच. माणकी सगळी विरघळून जाते, चोच राहते, पोपटाच्या चोचीसारखी काळी-तपकिरी, पारदर्शक कडांची. मिल्क शार्कच्या पोटात जास्त करून मासे. मासा गळून गेला असला तरी त्याच्या कानातला खडा राहतो, ढोमा नावाच्या माशाचा तर चांगला चिंचोक्याएवढा असू शकतो, आणि प्रत्येक जातीचा खडा वेगळ्या आकाराचा म्हणून त्यावरून मासा ओळखता येतो. बांबू शार्कच्या पोटात कुर्ल्यांचे तुकडे. तिचे दात बघा म्हणजे पटेल, बारीक बारीक, ओळीने दाटीवाटीने बसवलेले, खवणीसारखे. ती पाठलाग करत नाही, दगडांच्या फटीत तोंड लावून शोषून घेते, तिला करवत काय कामाची.

डोक्याला दोन्हीकडे फळी असलेली कानमुशी, हॅमरहेड, ती वागळी (पाकट) खाते, रेतीत पुरून घेतलेली वागळीसुद्धा. त्या रुंद डोक्याच्या खालच्या बाजूला सुईने टोचल्यासारखी शेकडो छिद्रं असतात, त्यातून तिला लपलेल्या माशाच्या अंगातली अगदी सूक्ष्म वीज कळते. तशी छिद्रं सगळ्याच मोऱ्यांच्या नाकावर असतात, दाबलं की आतून पारदर्शक चिकट येतं, तुम्ही पण दाबून बघा. (पुढून वागळीसारखा चपटा आणि मागून मोरीसारखा असा एक मासा क्रेटमध्ये दिसला तर तो गिटारफिश, मोरी नव्हे. कल्ल्याच्या पाच फटी कुशीवर असतील तर मोरी, पोटाखाली असतील तर वागळीच्या कुळातला.)

पोटाच्या पुढे आतडं येतं ते दिसायला आखूड आणि जाड. उभं चिरलं की आत कागदाची गुंडाळी ठेवल्यासारखा पडदा, घडीवर घडी. एवढ्याशा आतड्यात अन्न शोषायला जागा कशी वाढवलीय बघा. प्रॅक्टिकलला हे बघून मी आईला फोन केला होता, आई म्हणाली ते काय नवीन सांगतेस, मी दर महिन्याला फेकते.

आईवरून बाळंतपण आठवलं. माझी मुलगी झाली तेव्हा आईने दहाव्या दिवसापासून मला मोरी द्यायला सुरुवात केली, लहान मोरी, कमी तिखटाची, कारण मोरीने दूध वाढतं असं आमच्याकडे सगळे मानतात, मालवणातही मानतात. मिल्क शार्क हे इंग्रजी नावसुद्धा भारतातल्या याच समजुतीवरून पडलंय. काटा नाही, मऊ शिजते, पोटाला हलकी, मला तरी त्या दिवसांत ती फार बरी लागली. फक्त आता जे माहितीये ते पण सांगायला हवं, मोठ्या शार्कच्या मांसात पारा साठतो, मासा जितका मोठा आणि म्हातारा तितका जास्त, त्यामुळे गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी मोठ्या मोरीचे काप खाऊ नयेत असाच सल्ला दिला जातो. आई लहानच मोरी आणायची, तिला पाऱ्याचं माहीत नव्हतं, तिच्या आईने तसं सांगितलं होतं.

तर त्या दिवसांत एकदा आई मोरी चिरत होती आणि तिने मला हाक मारली. मी बाळाला घेऊनच गेले. स्कोलिओडॉन होती, पोटात पिल्लं होती, बोटाएवढी, पूर्ण घडलेली, उलथन्यासारखी नाकं सुद्धा आलेली, आणि प्रत्येकाच्या छातीपासून एक बारीक नाळ निघून आईच्या गर्भाशयाला जोडलेली. मी हे पुस्तकात वाचलं होतं की यांच्यात वार असते, पण माझ्या मांडीवर तेव्हा अकरा दिवसांची मुलगी होती आणि तिची नाळ आदल्याच दिवशी पडली होती. आईने विळी आडवी केली. त्या दिवशी आम्ही दोघींनी वरण-भात खाल्ला.

म्हणून बेंबी. मोरी उताणी करा, छातीच्या दोन मोठ्या पंखांच्या मधे बघा. नुकती जन्मलेली असेल तर तिथे बारीक चीर दिसते, कधी लालसर, कधी अर्धवट मिटलेली. काही आठवड्यांत ती बुजून जाते. क्रेटच्या तळाची ती दोन म्हणजे ब्लॅकटिपची पिल्लं होती, काळी टोकं बर्फाने पुसट झालेली, पाठीला कड नाही, दात ताठ. हातभर लांब मोरी बघून कोणालाही वाटेल की बऱ्यापैकी वाढलेली आहे. पण ब्लॅकटिप जन्मतेच अर्ध्या मीटरच्या पुढेमागे, वयात येते दीड मीटरच्या आसपास, आणि मोठी होते ती अडीच मीटरपर्यंत. मादी साधारण वर्षभर पोट वागवते आणि तेही एक वर्ष सोडून, पिल्लं चार ते सात. स्कोलिओडॉनला एका वेळी अठरापर्यंत होतात आणि पाच-सहा महिन्यांत होतात. दोघींना एकाच तराजूत एकाच नावाने विकतो आपण. कानमुशीचं तर अजून वाईट, स्कॅलप्ड हॅमरहेड ही जात आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत अतिसंकटग्रस्त आहे, आणि तिचीही पिल्लं अर्ध्या मीटरची, उथळ किनाऱ्याला वाढणारी, म्हणजे नेमकी जिथे आपली जाळी तिथेच.

मासेमारी बंद करा असं मी म्हणत नाहीये, ट्रॉलरवाला जाळ्यात काय येईल ते निवडू शकत नाही आणि मावशी जे मिळतं ते विकते, तिच्या घरात त्यावर चूल पेटते. समुद्रात पंख कापून धड फेकून द्यायला २०१३ पासून बंदी आहे, पंखांच्या निर्यातीला २०१५ पासून, हे चांगलंच झालं, पण आपल्या आंबट-तिकाच्या, म्हणजे आंबट-तिखट कालवणाच्या, मोरीला त्यातलं काही लागू होत नाही. तिथे निवड करणारे आपणच. मी काय करते ते सांगते, चपट्या नाकाची, बेंबी बुजलेली स्कोलिओडॉन घेते. बेंबीवाली नाही घेत आणि का घेत नाही ते मावशीला दरवेळी सांगते. ताजी आहे का हे नाकानेच कळतं, मोरीच्या अंगात युरिया असतो आणि मासा जुना झाला की त्याचा अमोनिया होतो, नाकात चढला तर ठेवून द्या. आमसुलं, चिंच, व्हिनेगर, जे काय तुमच्या घरी पडतं ते आंबट मोरीला इतकं का मानवतं त्याचं कारणही तेच, आंबटाने अमोनिया मारला जातो.

आणि नुसते काप मिळाले, डोकं नाही शेपूट नाही, तर? मागच्या वर्षी किनाऱ्यावरच्या एका शॅकमध्ये आम्हाला इसवण (सुरमई) म्हणून रवा लावून जे आणून दिलं ती मोरी होती. मधे कण्याचा एकच गोल, कूर्चेचा, सुरीने सहज कापला जाणारा, झाडाच्या खोडासारख्या वळ्या असलेला, आणि बाकी काटा एकही नाही. इसवणाचा कणा असा कापला जात नाही. मी त्यांना शांतपणे दाखवलं, त्यांनी वाद घातला, मग बिलातून काढून टाकलं. मला पैशाचं नव्हतं. एवढ्या रुंद कापाची मोरी म्हणजे चांगली मोठी असणार, शेजारच्या टेबलावर एक पोटुशी मुलगी तेच खात होती.

गेल्या रविवारी ती दोन पिल्लं मी विकत घेतली नाहीत पण मावशीला उताणी करून दाखवली, तिने बराच वेळ अंगठ्याने ती चीर चाचपली, काही बोलली नाही, दोन्ही पिल्लं बाजूला ठेवून दिली. पुढे त्यांचं काय झालं मला माहीत नाही.

काल दुपारी मी ऑफिसात असताना व्हॉट्सॲपवर मावशीने पाठवलेला एका मोरीचा फोटो आला. डोकं वेगळं केलेलं, चमच्याने ओठ वर धरलेला, आणि बाजूला धड, पंख आधीच कापून नेलेले. खाली व्हॉइस मेसेज, "बाय, ही खंयची?" दात तिरके दिसत होते, बाहेरून बुडाशी पायऱ्या, पण फोटो हललेला होता आणि पंखच नाहीत म्हटल्यावर काळी टोकं कुठून बघणार. मी तिला सांगितलं की धडावर, पाठीच्या मध्यावरून बोट आडवं फिरव, हळू, आणि आत दोरीसारखं काही लागतं का बघ.

दोन मिनिटांनी उत्तर आलं. मागे कोणीतरी सुंगटांचा भाव विचारत होतं.

"लागता गो. बारीक, पूण लागता."

स्पॉटटेल, मी लिहिलं. मग आठवलं की तिला वाचता येत नाही, म्हणून बोलून पाठवलं.